पत्र्याच्या इंजिनाची शिट्टी

निशिकासाई, टोकियो

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. वहिनींची तब्येत सुधारली हे वाचून बरं वाटलं. आता तुझा प्रश्न: एवढ्या जपानी खेळण्यातल्या आगगाड्यांतून मी आवाजाच्याच का शोधत बसतो?

इथे घरोघरी असते ती प्लारेल, टोमी कंपनीची, निळ्या प्लास्टिकच्या रुळांवरची. १९५९ साली निघाली, १९६१ मध्ये तिला मोटर लागली, आणि त्या वेळच्या रुळाला आजचा रूळ अजून जुळतो. मला ती आवडतेच. पण जीव अडकलाय पत्र्याच्या इंजिनांत. मासुदाया कंपनी ‘मॉडर्न टॉइज’ या छापाखाली ती बनवायची. चित्र आधी सपाट पत्र्यावर छापायचं, मग दाबून आकार द्यायचा आणि कडेचे कान वळवून भाग जोडायचे. इंजिन भिंतीला धडकलं की आपणच वळतं, कारण चालतं चाक फिरत्या चकतीवर असतं; पुढे वाट नसली की चकती फिरते.

सेतागायाच्या बोरोइचीत मला असं एक मिळालं. हा जुन्या वस्तूंचा बाजार चारशेहून अधिक वर्षं भरतोय, १५-१६ डिसेंबरला आणि पुन्हा जानेवारीत त्याच तारखांना. सेल आतच पाझरून पट्ट्या गंजलेल्या. कान अगदी जपून उघडले; ते दोन-तीनदा वाकवले की तुटतातच. पट्ट्या घासल्या, तेलाचा थेंब दिला, मोटर फिरली. झुकझुकही परतली: कॅम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा उंचवटा, एक पातळ पट्टी उचलून सोडते, एवढंच त्यात आहे.

शिट्टी मात्र गप्प. कॅमखाली दबणारा इवलासा कागदी भाता, त्याच्या तोंडाशी पितळी सूर, म्हणजे हवेने थरथरून वाजणारी पट्टी, तुमच्या बाजाच्या पेटीत असते तशीच. सूर शाबूत, कागद घड्यांवर विरलेला.

इथे खेळण्यांचे दवाखाने असतात. हौशी मंडळी, त्यांत बरेच निवृत्त इंजिनिअर, स्वतःला डॉक्टर म्हणवतात, केसपेपर लिहितात आणि बहुतेकदा फुकट दुरुस्ती करतात. मला फार आदर आहे त्यांचा. तिथल्या एका आजोबांनी सुचवलं, चिप आणि छोटा स्पीकर बसवू. मी नको म्हटलं. चिपची शिट्टी दर वेळी सारखीच वाजेल. भात्याच्या शिट्टीत मोटरचा जोर ऐकू येतो. सेल उतरत आले की ती मंदावते, रेंगाळते. तो आवाज त्या यंत्राचा स्वतःचा आहे, आणि तो गेला तर माझ्याकडे फक्त रंगीत पत्रा उरेल. आजोबांना हे पटलं. म्हणाले, मग भाता नवा कर.

म्हणून काकांना विचार. पेटीच्या भात्याला ते कोणतं चामडं लावायचे? एवढ्या लहान भात्याला ते जड होईल का, की घड्यांपुरतंच लावू? सरस वापरू की दुसरं काही? घड्या आधी पाडायच्या की चिकटवल्यावर? त्यांच्याकडे पातळ चामड्याचं कात्रण असेल तर पाकिटातून पाठव, दोन बोटं रुंद पुरे.

काकांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद