परप्रांतीय भाडेकरूंना वेगळा नियम लावल्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष आणि व्यवस्थापक समिती,
आपली गृहनिर्माण संस्था, डोंबिवली (पूर्व)

महोदय,
सप्रेम नमस्कार.

ब/203 या माझ्या सदनिकेतल्या भाडेकरूंबद्दल मी समितीला लेखी कळवलं, सचिवांना जिन्यात गाठून विचारलं, वार्षिक सभेत आयत्या वेळच्या विषयांत बोलायला उभी राहिले. तिथे मला वेळ संपल्याचं सांगून खाली बसवलं आणि त्यानंतर पार्किंगच्या रंगावर बराच वेळ चर्चा झाली. म्हणून हे पत्र आवक नोंदवहीत घेऊन मला त्याची सही-शिक्क्यानिशी पोच द्यावी, ही पहिली विनंती.

भाडेकरू कुटुंब दरभंग्याचं आहे. नवरा एमआयडीसीत केमिस्ट, बायको घरी शिकवण्या घेते, एक लहान मुलगी. करारनामा नोंदणीकृत आहे, पोलीस ठाण्यात माहिती दिलेली आहे, देखभाल खर्च मी वेळेवर भरते. तरीही ब/204 चे सभासद, जे आपल्या समितीतही आहेत, त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर 'बिल्डिंगचं यूपी-बिहार होऊ देऊ नका' असा मेसेज टाकला. पुढच्याच आठवड्यात सूचना फलकावर कागद लागला: परप्रांतीय भाडेकरूंसाठी समितीचं ना-हरकत पत्र आवश्यक, आणि भोगवटेतर शुल्क, म्हणजे सदनिका भाड्याने दिल्याबद्दल संस्था सभासदाकडून घेते ती जादा आकारणी, दुप्पट. हा ठराव कोणत्या सभेत झाला, सूचक कोण, अनुमोदक कोण, हे मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

सप्टेंबर 2023 मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना, महाराष्ट्रीय लोकांना जागा देत नाही, असं तोंडावर सांगितलं गेलं. तो व्हिडिओ आपल्या ग्रुपवर याच गृहस्थांनी टाकला होता. आपल्याच राज्यात आपल्याला घर मिळत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं आणि ते खरं होतं. मी लगेच पाठिंबा दिला. आम्ही मालवणी. लग्नानंतर आम्ही घाटकोपरला जागा शोधत होतो, तेव्हा दलाल आधी आडनाव विचारायचा, मग मासे खाता का ते विचारायचा, आणि मग मालकाचा विचार बदललेला असायचा. त्या अपमानाला कुठली पावती नसते, त्यामुळे तक्रारही करता येत नाही. तो सोसलेल्या माणसांनी तोच दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकावा, हे मला सहन होत नाही.

या सभासदांची सासुरवाडी बेळगावची. 1956 साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तिथले मराठी लोक 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळतात, हे गणेशोत्सवाच्या भाषणात ते दरवर्षी सांगतात. बेळगावच्या मराठी माणसाला तिथल्या एखाद्या सोसायटीने बाहेरचा म्हणून दुप्पट आकारणी केली, तर ते काय म्हणतील? बडोद्यात गायकवाडांच्या काळापासून मराठी घरं आहेत, इंदूर-ग्वाल्हेरला आहेत. आपल्या इमारतीतल्या किती घरांची मुलं आज बंगळुरूत आणि हैदराबादेत भाड्याने राहतात, ते समितीने एकदा मोजावं.

मराठी येत नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप. इथे राहणाऱ्याने मराठी शिकावं, असं माझंही ठाम मत आहे आणि मी ते भाडेकरूंना पहिल्याच दिवशी सांगितलं आहे. पण अ विंगमध्ये सातव्या मजल्यावर चेन्नईचे बँक अधिकारी आहेत, कोपऱ्यातले दोन फ्लॅट जोडून घेतलेलं गुजराती कुटुंब आहे. त्यांना मराठीची अट कुणी घातली नाही. उलट लिफ्टमध्ये आपले समिती सदस्यच त्यांच्याशी हिंदीत बोलतात. याचा अर्थ अट भाषेची नसून ऐपतीची आहे, आणि केमिस्टच्या पगारावर जगणाऱ्या माणसावर ती चालवली जाते.

गच्चीचंही तेच. कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध झालं, स्पीकर रात्री दहानंतरही चालू होता. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद ठेवायचा नियम सगळ्या देशाला लागू आहे, पण तेव्हा कुणी तो काढला नाही आणि मीही सणाचा विचार करून गप्प बसले. त्यानंतर तीन आठवड्यांनी छठ, म्हणजे बिहारी लोकांचा सूर्यपूजेचा सण, आला. माझ्या भाडेकरू बाईंनी मावळतीला आणि पहाटे अर्घ्य द्यायला गच्चीचा एक कोपरा मागितला. सुमारे छत्तीस तासांचा निर्जळी उपास करणारी बाई, टोपलीत केळी, ऊस आणि घरी केलेला ठेकुआ, म्हणजे कणकेचा गोड प्रसाद. ना वाजंत्री, ना गर्दी. गच्ची खासगी धार्मिक कामाला देता येत नाही, असं सचिवांनी लिहून दिलं. हळदीकुंकू आणि सत्यनारायण याच गच्चीवर झालेले आहेत. ब विंगमधल्या बऱ्याच जणींना ही गोष्ट आवडलेली नाही. त्या समितीसमोर बोलत नाहीत, माझ्याशी बोलतात.

आता नियम. राज्य शासनाच्या 1 ऑगस्ट 2001 च्या आदेशानुसार भोगवटेतर शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. त्यात भाडेकरूचा प्रांत विचारात घ्यायची सोय नाही. भाडेकरू ठेवताना सभासदाने संस्थेला कळवायचं असतं, समितीकडे परवानगीसाठी हात पसरायचे नसतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 चं कलम 23 तर खुल्या सभासदत्वाचंच आहे.

यावर ब/204 च्या सभासदांनी अहमदाबादच्या पारशी सोसायटीचा सर्वोच्च न्यायालयाचा 2005 चा निकाल ग्रुपवर टाकला. त्यांनी तो पूर्ण वाचावा. त्या संस्थेच्या उपविधींतच, म्हणजे नोंदलेल्या नियमावलीतच, सभासदत्व पारशांपुरतं होतं, म्हणून ते मान्य झालं. आपल्या उपविधींत असं एक अक्षर नाही. आणि तो निकाल इथे लागू आहे असं धरलं, तर मुलुंडच्या त्या सोसायटीलाही तोच लागू करावा लागेल. मग 2023 चा संताप कशासाठी होता, ते त्यांनी सांगावं.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. फलकावरचा कागद काढावा. दुप्पट घेतलेली रक्कम पुढच्या बिलात वळती करावी. ब/204 च्या सभासदांनी ज्या ग्रुपवर तो मेसेज टाकला त्याच ग्रुपवर, मराठीत, माझ्या भाडेकरूंची माफी मागावी, आणि या विषयावरच्या समितीच्या चर्चेत त्यांनी बसू नये. येत्या छठला गच्ची मिळेल, असं लेखी उत्तर आत्ताच द्यावं, म्हणजे आयत्या वेळी नियम निघणार नाहीत.

समितीच्या पुढच्या सभेनंतर 15 दिवसांत लेखी निर्णय मिळाला नाही, तर हेच पत्र, फलकाचा फोटो आणि ग्रुपवरच्या मेसेजच्या प्रती जोडून मी सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयात देणार आहे.

कळावे,
सभासद, ब/203