सॉनासाठी पैसे कसे उभारावेत: मुलास पत्र

यावल, फाल्गुन वद्य पंचमी

चि. निखिल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले सॉनाचे कोटेशन आणि त्याला टाचलेला वित्तकंपनीचा कागद मी दोनदा वाचला. जळगावच्या ज्या गच्चीवर मे महिन्यात अनवाणी पाय ठेववत नाही, तिथे घाम काढण्यासाठी चार लाखांची लाकडी खोली कशाला, असे नाना म्हणाले; त्यांचे मत ते तुला फोनवर सांगतीलच. मला त्या वादात पडायचे नाही. तुम्ही दोघे कमावता, हौस तुमची आहे, आणि फिनलंडच्या सुमारे 55 लाख लोकवस्तीत तीस लाखांच्या आसपास सॉना आहेत म्हणतात, तेव्हा तिकडे तरी ही केवळ श्रीमंतांची चैन नसावी. मात्र वस्तू घ्यायची की नाही आणि तिचे पैसे कसे उभारायचे, हे दोन निराळे निर्णय आहेत, आणि दुसऱ्याबद्दल तू एकच ओळ लिहिली आहेस: ‘हप्ता परवडतो.’ कर्ज विभागात उमेदीची वर्षे काढल्यामुळे ही ओळ ऐकली की मी आधी मुदत विचारते.

त्या कागदावर ‘व्याजदर 10 टक्के’ हे ठळक छापले आहे आणि त्याच्याखाली, खसखशीएवढ्या अक्षरांत, ‘फ्लॅट’. सगळी मेख तिथे आहे. फ्लॅट दरात तू कितीही मुद्दल फेडलेस तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण चार लाखांवर चालू राहते. तीन वर्षांचे व्याज 1,20,000 रुपये, एकूण फेड 5,20,000 आणि हप्ता 14,444 रुपये. हेच 10 टक्के घटत्या शिलकीवर लावले असते तर हप्ता सुमारे 12,907 आणि एकूण व्याज 64,600 च्या आसपास आले असते. म्हणजे ते तुला दहा टक्के सांगून प्रत्यक्षात अठरा टक्क्यांच्या घरातला दर लावत आहेत. ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेने किरकोळ कर्जासाठी मुख्य तथ्य विवरणपत्र देणे सक्तीचे केले आहे, आणि त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर लिहावा लागतो. सही करण्याआधी ते माग. प्रोसेसिंग फी, गळ्यात मारलेला विमा आणि मुदतीआधी कर्ज फेडल्यास लागणारे शुल्क हे सारे त्यात उघडे पडते.

दर एवढा चढा का, यालाही कारण आहे. मोटारसायकलचे हप्ते थकले तर गाडी ओढून नेता येते. गच्चीवर ठोकून बसवलेली देवदारी फळ्यांची खोली आणि दगडांचा हीटर कोण ओढून नेणार, आणि नेला तरी विकणार कुणाला? म्हणून असल्या वस्तूचे कर्ज बहुधा विनातारण असते आणि जोखमीची किंमत व्याजातून वसूल होते. क्रेडिट कार्डावरचा ‘नो कॉस्ट’ हप्ता याला अपवाद वाटतो, पण रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना कळवले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते. विक्रेता रोखीच्या ग्राहकाला जी सूट देऊ शकला असता, ती व्याज म्हणून बँकेकडे वळते, आणि त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी तुझ्या बिलात वेगळा दिसतो. तेव्हा त्याला सरळ विचार की एकरकमी पैसे दिले तर भाव काय. तो आकडा हातात आल्याशिवाय कोणत्याही योजनेची तुलना करता येत नाही.

गृहकर्जावर टॉप-अप, म्हणजे चालू गृहकर्जाला जोडून वाढीव कर्ज, घेण्याचे तुझ्या मित्राने सुचवले आहे. दर कमी असतो हे खरे. पण चार लाख 9 टक्क्यांनी 15 वर्षांसाठी घेतलेस तर हप्ता 4,057 रुपयांवर येतो आणि एकूण व्याज 3,30,000 च्या वर जाते. त्या पंधरा वर्षांत हीटर बदलावा लागेल, बाकांच्या फळ्या बदलाव्या लागतील, कदाचित तुमची हौसही बदलेल. टॉप-अप घ्यायचाच असेल तर तीन वर्षांचा घे; त्याहून लांब मुदतीला माझी संमती नाही.

सोनेतारण कर्जाचा विचार जळगावात राहणाऱ्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही. एप्रिल 2026 पासून लागू होणाऱ्या निर्देशांनुसार अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या मूल्याच्या 85 टक्के आणि पाच लाखांपर्यंतच्या कर्जाला 80 टक्के मर्यादा आहे. चार लाखांसाठी किमान पाच लाखांचे सोने ठेवावे लागेल, आणि घडणावळ व खडे त्यात मोजत नाहीत. विनातारण कर्जापेक्षा हे बहुधा स्वस्त पडते, हे मी नाकारत नाही. पण ते दागिने सूनबाईच्या माहेरचे आहेत. दवाखाना किंवा केळीच्या लागवडीची अडचण असती तर मी स्वतः तिच्याशी बोलले असते. सॉनासाठी मी बोलणार नाही, आणि तूही बोलू नयेस.

आता माझा सल्ला. आपल्याकडे मार्च ते जून 80-90 अंशांच्या खोलीत बसायची इच्छा कुणालाच होणार नाही. वापर खरा सुरू होईल तो दिवाळीनंतर. मग आत्ताच घेऊन उन्हाळाभर बंद खोलीचे हप्ते कशाला भरायचे? एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत दरमहा 20,000 रुपयांची आवर्ती ठेव सुरू कर. आठ हप्त्यांत 1,60,000 आणि वर थोडे व्याज होईल. ही रक्कम बँकेतच ठेव, कॉलनीच्या भिशीत नको आणि जास्त व्याजाच्या मोहाने पतसंस्थेतही नको. बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थेतील ठेवीला ते नाही, आणि ठेवी अडकलेली माणसे आपल्या जिल्ह्यात तू पाहिली आहेस.

उरलेल्या 2,40,000 साठी तुझ्या तीन लाखांच्या मुदत ठेवीवर ओव्हरड्राफ्ट घे, म्हणजे ठेव तारण ठेवून लागेल तेवढी रक्कम उचलायची सोय. बँका साधारणपणे ठेवीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम देतात, दर ठेवीच्या व्याजापेक्षा एक ते दोन टक्के अधिक असतो, व्याज फक्त उचललेल्या रकमेवर लागते, आणि ठेव मोडत नाही. दर 8 टक्के धरला आणि तेच 20,000 तू दरमहा परत भरत राहिलास, तर वर्षभरात साडेदहा हजारांच्या आसपास व्याज जाईल. वित्तकंपनीचे एक लाख वीस हजार याच्याशेजारी मांडून बघ. एक अट मात्र तपास: ती ठेव करबचतीची पाच वर्षांची असेल तर तिच्यावर कर्ज मिळत नाही, आणि ती दोघांच्या नावे असेल तर सूनबाईचीही सही लागेल.

कोटेशनात विजेचा खर्च मला कुठेच दिसला नाही. सहा किलोवॉटचा हीटर 230 व्होल्टवर सुमारे 26 अँपिअर ओढतो; त्याला मीटरपासून स्वतंत्र जाड वायर आणि स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) हवा, आणि मंजूर भार कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घ्यावा लागेल. आठवड्यातून तीनदा तासभर चालवलास तर महिन्याला सत्तरेक युनिट वाढतील, आणि 100 किंवा 300 युनिटांची पायरी ओलांडली की पुढच्या युनिटांचा दर चढतो. इन्फ्रारेड किरणांनी अंग तापवणारी लहान केबिन दीड-दोन किलोवॉटवर चालते, तिचे तापमानही कमी असते. तिची किंमत विचारून ठेव. आणि कर्ज काढायची एवढीच उमेद असेल तर, खान्देशातले ऊन पाहता, ते आधी छतावरच्या सौर संचासाठी काढ. तीन किलोवॉटला केंद्राचे 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे आणि तो संच स्वतःचे हप्ते बऱ्याच अंशी स्वतः भरतो. गच्चीची जागा मात्र एकच आहे, तेव्हा पॅनेल आणि खोली दोन्ही बसतात का, हे मोजून घे.

रविवारी येशील तेव्हा एकरकमी भावाचे लेखी कोटेशन, मुदत ठेवीची पावती आणि मागच्या वर्षभराची वीजबिले घेऊन ये. वित्तकंपनीच्या माणसाला तोपर्यंत आधारचा ओटीपी सांगू नकोस.

तुझी,
आई