बाबा, हा आवाज तुम्हाला ऐकू येईल

बेंगळुरू, 16 फेब्रुवारी 2025

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा शुक्रवारी रजा टाकून यलहंकाच्या हवाई तळावर एअरो इंडिया हे विमानांचं प्रदर्शन बघून आले. फोनवर सांगायला गेले तर बाबांना अर्धं ऐकूच येत नाही, आणि आईला आधी मी जेवले का ते हवं असतं. म्हणून लिहितेय.

रशियाचं सुखोई-57 आणि अमेरिकेचं एफ-35, दोन्ही लढाऊ विमानं एकाच प्रदर्शनात होती. एफ-35 भोवती ही गर्दी! पण मी खिळून राहिले ती सुखोई उडाल्यावर. बाबा, त्याच्या इंजिनाच्या मागची तोंडं वळतात. त्यामुळं वेग अगदी कमी करून, नाक वर धरून ते हवेत जवळजवळ उभं राहतं. आणि आफ्टरबर्नर लावला की इंजिनातून बाहेर पडणाऱ्या झोतात पुन्हा इंधन फवारून पेटवतात. तो आवाज कानाला कळायच्या आधी बरगड्यांना कळतो. हातातली पाण्याची बाटली थरथरत होती. त्या क्षणी मला तुमचीच आठवण आली. उद्यमनगरात लेथ आणि ग्राइंडरच्या आवाजात तुमचे कान गेले, पण हा आवाज तुमच्या छातीत नक्की वाजेल.

मग सूर्यकिरण, हवाई दलाचं कसरती करणारं पथक. नऊ हॉक विमानं, आपल्या एचएएल या सरकारी विमान कंपनीनं इथंच बेंगळुरूत बांधलेली. पथक 1996 सालचं, मुक्काम बिदरला. आधी किरण विमानं होती, ती 2011 ला थांबली, मग काही वर्षांनी हॉकवर पुन्हा उभं केलं. दोन विमानांत पाच मीटरपेक्षाही कमी अंतर ठेवतात म्हणे. बाजूचा वैमानिक समोर बघतच नाही, त्याची नजर पुढच्या विमानावरच्या ठरलेल्या खुणेवर. ती खूण हलली की हाही हलणार. तुम्ही लेथवर जॉब लावताना गेजवरून डोळा काढत नसायचा, चहा निवला तरी. अगदी तसंच. धूर सोडतात तोही डिझेलचा. गरम झोतात सोडलं की त्याची वाफ होते आणि बाहेर थंड हवेत पांढरी दिसते. डिझेल तेच, एकीकडे जाळायचं आणि एकीकडे फक्त दाखवायचं, हे ऐकून तुम्ही नक्की हसाल.

आई, तुझ्या काळजीचंही लिहिते. धोका आहे. 2019 मध्ये याच यलहंकाला सरावात सूर्यकिरणची दोन विमानं एकमेकांवर आदळली आणि विंग कमांडर साहिल गांधी गेले. यंदा सारंग या कसरतीच्या पथकाची ध्रुव हेलिकॉप्टर्सही नव्हती, जानेवारीत पोरबंदरला एक ध्रुव कोसळल्यापासून ती जमिनीवरच होती. माझ्या शेजारच्या बाई नऊही विमानं उतरेपर्यंत पुटपुटत होत्या. मीही मनात अंबाबाईला हात जोडले.

हे प्रदर्शन दोन वर्षांनी असतं, म्हणजे पुढचं 2027 ला. तेव्हा तुम्ही दोघांनी यायचंच. मिरजेहून राणी चेन्नम्मा पकडा, स्टेशनवर मी असेन. चालणं बरंच आहे, फेब्रुवारीतही ऊन चांगलंच लागतं, तेव्हा आईच्या गुडघ्यासाठी घडीची खुर्ची घेऊ. आणि बाबा, एक शिकले ते सांगते: आवाज येतो तिकडं बघायचं नाही. विमान एक किलोमीटरवर असेल तर आवाज पोचायला तीनेक सेकंद लागतात, तोवर ते कुठल्या कुठं गेलेलं असतं. तुमचा तर सगळा भरवसा डोळ्यांवरच, विमान तुम्हालाच आधी दिसेल.

कमी ऐकू येतं म्हणून कान उघडे ठेवायचे नाहीत, उरलेलं जपायचंय. तुमच्या कानाच्या मशीनवर चालतील असे कान झाकायचे हेडफोन मिळतात का, ते पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारून मला कळवा.

तुमची,
माई