कॉमेडी डे येथील स्वयंसेविका ताईंस

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

आपले नाव आम्हांस ठाऊक नाही. स्वयंसेवकांचा टी-शर्ट आणि दोन्ही काखांत घडीच्या खुर्च्या, एवढ्याच खुणेवर हे पत्र लिहीत आहे. मजकूर आईच्या सांगण्यावरून मराठीत आहे. तो आपल्याला समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कात १९८१ पासून होत आलेल्या या विनोदाच्या जत्रेला तिकीट नाही आणि विनोदवीर मानधन घेत नाहीत, हे मी आईला सांगितले, तेव्हा तिचा विश्वास बसेना. फुकटात आपली कोण विचारपूस करणार, अशी तिची शंका होती, आणि तिला कारणही होते. याआधी याच भागातील एका प्रेक्षागृहात आम्ही चांगली महागडी तिकिटे काढून गेलो होतो. तेथील कर्मचाऱ्याने तिची व्हीलचेअर अडगळीसारखी खांबामागे सरकवली आणि तिच्या डोक्यावरून मला विचारले, “यांना इंग्रजी कळते का?” सांगलीत हयातभर मुलांना इंग्रजी शिकवलेली बाई हे निमूटपणे ऐकत होती. (निमूटपणे म्हणजे त्या वेळेपुरते, घरी आल्यावर त्या गृहस्थाच्या व्याकरणाचा तिने यथेच्छ समाचार घेतला.)

आपण मात्र खुर्च्या बाजूला ठेवून हिरवळीवर तिच्यासमोर उकिडव्या बसलात, तिच्या डोळ्यांना डोळे भिडवलेत आणि माझ्याकडे न पाहता तिलाच विचारलेत, “आपल्याला कुठे बसायला आवडेल?” आई क्षणभर गोंधळली, कारण असा प्रश्न तिला कोणी विचारल्याला बराच काळ लोटला होता, आम्ही घरचेसुद्धा तिच्या वतीने परस्पर ठरवून मोकळे होतो. मग ती म्हणाली, “विनोद सांगणारा घाम पुसताना दिसेल, इतक्या जवळ.” आपण खळखळून हसलात. पुढे चादरी सरकल्या आणि गवतात रुतणारे चाक कोणीकोणी उचलून धरले, ते सारे ओघाने झाले.

प्रसिद्ध अमेरिकी विनोदी अभिनेते रॉबिन विल्यम्स या उत्सवात अनेकदा येऊन विनामूल्य हसवून जात आणि आज ती हिरवळ त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मोठ्या कलावंतांचे औदार्य जगाच्या लक्षात राहते, ते योग्यच आहे. परंतु असे उत्सव टिकतात ते खुर्च्या वाहता वाहता एखाद्या म्हातारीपुढे बसून तिची आवड विचारणाऱ्या माणसांमुळे, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. पैसे मोजून जे सौजन्य मिळाले नाही, ते आपण मागितल्यावाचून दिलेत.

पार्किंगवरचे विनोद आईला फारसे रुचले नाहीत, हेही तिने आवर्जून लिहायला सांगितले आहे. बाकी घाम पुसणारे तीन जण तिने मोजले. उत्सव देणग्यांवर चालतो असे कळल्यावरून तिने आपल्या निवृत्तिवेतनातून काही रक्कम पाठवली आहे. ती कृपया स्वीकारावी.

आपला कृतज्ञ,
एका प्रेक्षक आजींचा मुलगा