गटारातले मृत्यू वादग्रस्त कसे? उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना एका विधी विद्यार्थिनीचे खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय: विधी महाविद्यालयांत मानवी हक्कांच्या प्रकल्पासाठी विषय निवडण्याच्या मोकळिकीबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. मी मुंबईतील एका विनाअनुदानित विधी महाविद्यालयात एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षात शिकते. मानवी हक्क या विषयासाठी प्रत्येकाने एक समकालीन प्रश्न निवडून प्रकल्प लिहावा आणि तो प्रश्न ज्याने त्याने स्वतः ठरवावा, असे सत्राच्या सुरुवातीला आम्हाला भर वर्गात सांगण्यात आले होते. त्या शब्दावर विसंबून मी ‘मुंबईतील गटारे व मैला टाक्यांमधील मृत्यू आणि शासनाचे दायित्व’ हा विषय दिला. गेल्या आठवड्यात तो परत आला. वर शेरा होता की विषय वादग्रस्त आणि शासनाच्या विरोधात जाणारा असल्याने सोबतच्या यादीतून दुसरा घ्यावा. यादीत प्राचीन भारतातील मानवी हक्क, संयुक्त राष्ट्रांची रचना आणि मानवी हक्क दिनाचे महत्त्व असे निरुपद्रवी विषय आहेत. 10 डिसेंबरला आमच्याकडे रांगोळी स्पर्धाही होते, तेव्हा शेवटच्या विषयासाठी साहित्य भरपूर मिळेल.

हा विषय मी सनसनाटीसाठी घेतला नव्हता. ज्याचा हक्क हिरावला गेला तो माणूस दाखवता येतो का, तो हक्क संविधानात कुठे आहे, तो जपण्याची जबाबदारी कोणाची आणि कागदपत्रे सामान्य विद्यार्थ्याच्या हाती लागू शकतात का, एवढे मी आधी तपासले. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा कायदा 2013 साली संसदेने केला. त्याच्या कलम 7 प्रमाणे गटार किंवा मैला टाकीच्या धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवता येत नाही आणि कलम 9 प्रमाणे पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अशा मृत्यूंसाठी 10 लाख रुपये भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ती 30 लाखांवर नेली. डिसेंबर 2019 मध्ये गोवंडीतील एका गृहनिर्माण सोसायटीच्या टाकीत तीन कामगार गुदमरून मेले, तेव्हा त्यांच्या विधवांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले आणि 2021 मध्ये न्यायालयाने शासनाला भरपाई देण्यास सांगितले. संसदेचा कायदा आणि न्यायालयांचे निकाल हेच जर शासनाच्या विरोधात जात असतील, तर आम्ही शुल्क भरून इथे नेमके काय शिकायचे आहे, हे आपणच सांगावे.

आकड्यांचे म्हणाल, तर फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत गटारे आणि टाक्या साफ करताना पाच वर्षांत 340 जण मेल्याचे सांगितले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये राज्यसभेत हाताने मैला उचलण्यामुळे एकही मृत्यू नोंदला गेला नसल्याचे सांगितले. दोन्ही उत्तरे सरकारचीच आहेत. एका रकान्यात माणूस मरतो आणि दुसऱ्या रकान्यात तो मेलेलाच नसतो. विद्यार्थ्याने यावर वीस पाने लिहायची नाहीत, तर कशावर लिहायची?

विषय मंजूर करणाऱ्या महाविद्यालयाच्या समितीला मी भेटायला गेले, तेव्हा आणखी एक कारण समोर आले. माझे मामा कंत्राटी सफाई कामगार आहेत, हे मी प्रस्तावातच लिहिले होते. घरचा संबंध असल्यामुळे माझ्याकडून तटस्थ लेखन होणार नाही, असे मला सांगण्यात आले. माझ्याच वर्गात एका बांधकाम व्यावसायिकाचा मुलगा रेरा, म्हणजे घरबांधणी व्यवसायाचे नियमन करणाऱ्या कायद्यावर प्रकल्प लिहितो आहे. त्याच्या तटस्थतेची चिंता कोणाला पडली नाही, आणि पडू नयेच, कारण त्याला तो विषय आतून कळतो. मग मामांच्या हातापायांवरचे चट्टे लहानपणापासून पाहिलेल्या मुलीलाच बाहेर का काढायचे? ज्यांच्या घरातला कोणी कधी मॅनहोलमध्ये उतरला नाही, तेवढेच लोक या देशात तटस्थ असतात काय?

सकाळी सातचे तास, दुपारपासून रात्रीपर्यंत फोर्टमधल्या एका कार्यालयात हिशेबाचे काम आणि परतताना हार्बर लोकलची गर्दी, अशा दिवसातून वेळ काढून मी ही टिपणे जमवली आहेत. शुल्कासाठी आईची पाटली गहाण पडली आहे. हे आपल्याला सांगून उपयोग नाही, याची मला कल्पना आहे, पण विषय बदलण्याचा शेरा मारायला लागणारा अर्धा मिनिट आणि ही टिपणे यांचा हिशेब कोणीतरी मांडलाच पाहिजे.

महाविद्यालय खासगी आहे, असे म्हणून आपला विभाग हात झटकू शकेल. पण आमचे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतात आणि आमचे शुल्क राज्याने नेमलेले प्राधिकरण ठरवते. पैसे घेताना राज्य हजर असते आणि काय शिकायचे हे ठरताना गैरहजर, असे कसे चालेल? माझ्या बाजूने बोलू शकले असते असे एक सर आहेत, पण ते तासिका तत्त्वावर आहेत. पुढच्या सत्रात तास मिळतील की नाही, हे ज्यांच्या हाती आहे त्यांच्याविरुद्ध त्यांनी तोंड उघडावे, अशी अपेक्षा मी करत नाही. कायम पदे भरायची नाहीत, शिक्षकाला तासावर मोजायचे आणि मग विद्यार्थ्यांनी निर्भीड वकील व्हावे, अशी भाषणे दीक्षान्त समारंभात करायची, हे सगळ्याच सरकारांनी केले आहे.

आमच्या सभागृहात बाबासाहेबांची तसबीर आहे. ते 1935 मध्ये याच शहरातील शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, त्याच्या आठ वर्षे आधी महाडच्या तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले होते. आमच्या समितीने तोही विषय परतच पाठवला असता. पदपथावर राहणाऱ्यांच्या उपजीविकेचा हक्क 1985 मध्ये मान्य झाला, तो निकाल आम्ही परीक्षेसाठी पाठ करतो, कारण तो आता जुना आणि निर्धोक झाला आहे. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईसह सहा महानगरांत माणसाकडून गटारे साफ करून घेण्यास मनाई केली. मार्चमध्ये नागपाड्यात बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत उतरलेले चार मजूर गुदमरून मेले. टाकी पाण्याची होती, म्हणून हे मृत्यू गटाराच्या कायद्यात बसतात की नाही, हा माझ्या प्रकल्पातला सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि तो कोणत्याही जुन्या निकालात सोडवलेला मला सापडला नाही.

कायद्याने मनाई नसलेला कोणताही विषय केवळ वादग्रस्त म्हणून नाकारता येणार नाही आणि नाकारल्यास सविस्तर लेखी कारण द्यावे लागेल, असे परिपत्रक आपण विद्यापीठांशी बोलून काढावे, एवढी माझी मागणी आहे. यादीतला विषय मी घेतलेला नाही. प्रकल्प मूळ विषयावरच, ठरलेल्या तारखेला सादर होईल. गुण शून्य मिळाले, तर फेरतपासणीच्या अर्जाची प्रत आपल्याही कार्यालयात पोहोचेल.

आपली,
गोवंडीची एक विधी विद्यार्थिनी