हॅम्लेटला पेशंट करून सोडून देऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला शेक्सपिअरच्या हॅम्लेटवरचा, म्हणजे त्या नाटकातल्या डेन्मार्कच्या राजपुत्रावरचा लेख वाचला. लेखकाने त्याला सरळ डिप्रेशनचा पेशंट करून टाकलंय, आमच्या तळजाईवर फिरायला जाणाऱ्या ग्रुपमध्ये त्यावरून दोन तट पडलेत म्हणून हे पत्र. दुःखी आहे हो तो, बाप जाऊन दोन महिने होत नाहीत तोवर आईने दिराशी लग्न केलंय, तोच काका आता राजा, कोणाचं डोकं ठिकाणावर राहील? पण दुःखी वेगळा आणि वेडा वेगळा. बापाचं भूत भेटून काकानेच खून केला असं सांगतं, त्यानंतर पहिल्याच अंकात तो आपल्या मित्राला, होरेशियोला, शपथ घालतो की मी पुढे कसाही विचित्र वागलो तरी तुम्हाला काही माहितीये असं दाखवायचं नाही. म्हणजे वेड पांघरून पेडगावला जायचं हे आधीच ठरलेलं.

राजाचा मंत्री पोलोनियस, त्याला हॅम्लेट ढग दाखवतो, उंटासारखा आहे ना, तो म्हणतो हो उंटच. मग म्हणतो नाही, मुंगसासारखा वाटतो, हो मुंगूसच. मग देवमासा, त्यालाही हो. आणि वर हॅम्लेट मनाशी म्हणतो की हे लोक मला अगदी हवं तेवढं वेडं होऊ देतायत! वेडा माणूस अशी फिरकी घेतो का?

आईच्या खोलीत भूत फक्त त्यालाच दिसतं हा लेखकाचा मुद्दा मात्र दमदार आहे, मान्य. पण तेच भूत आधी पहाऱ्यावरच्या शिपायांनी बघितलंय, विश्वास न ठेवणाऱ्या होरेशियोने पण. आणि त्याच सीनमध्ये हा आईला म्हणतो की माझी नाडी तुझ्यासारखीच शांत चाललीये, आत्ता बोललो ते सगळं परत बोलून दाखवतो, वेड्याला ते जमणार नाही. मी सोंग करतोय हे राजाला कळू देऊ नको हेही बजावतो.

मग सोंग कशाला? जुन्या डॅनिश कथेत बापाचा खून उघड असतो, पोरगा जीव वाचवायला खुळा बनतो. शेक्सपिअरने खून लपवला, त्यामुळे इथे सोंगाचा फायदा शून्य, उलट राजाला संशय येतो. माझ्या मते त्याला फक्त वाट्टेल ते तोंडावर बोलायचं लायसन हवं होतं.

(आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात याच नाटकाचं विकारविलसित नावाने मराठी भाषांतर केलं, १८८३ ला ते छापून आलं, पुढे नट गणपतराव जोशींनी हॅम्लेटची भूमिका गाजवली. पुणेकरांना हॅम्लेट नव्याने इंट्रोड्यूस करायची गरज नव्हती.)

राग येतो तो याचा की पेशंट ठरवला की माणूस सुटला. पडद्याआडचा पोलोनियस याच्या तलवारीने मेला, त्याची मुलगी ओफेलिया, जिच्यावर याचं प्रेम, ती वेडी होऊन गाणी म्हणत फुलं वाटत फिरली आणि पाण्यात गेली. तिचं वेड खरं, तिने आधी कोणाला शपथा घातल्या नव्हत्या. आणि पाचव्या अंकात तलवारबाजीआधी हा पोलोनियसच्या मुलाला, लायर्टिसला, काय म्हणतो, तर ते मी नाही केलं, माझ्या वेडाने केलं! आईला सांगितलं ते खरं असेल तर हे धडधडीत खोटं आहे, तेही ज्याचा बाप आणि बहीण दोन्ही गेले त्याच्या तोंडावर, भर दरबारात. लेखात या माफीवर एक ओळ नाही. ती का नाही तेवढं लेखकाने कळवावं.

आपला,
एक वाचक, सहकारनगर, पुणे