सूत, इंच आणि तुझे दोन सप्तमांश

उदगीर, रविवार

चि. सोनीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू रडकुंडीला आली होतीस म्हणून माय सांगत होती. चाचणीत १/३ + १/४ चं उत्तर तू २/७ लिहिलंस. वरचे वर मिळवले, खालचे खाली. अगं, फूटपट्टी घ्यायचीस की! सबंध फूट म्हणजे एक. त्याचा तिसरा हिस्सा चार इंच, चौथा हिस्सा तीन इंच. चारच्या पुढं तीन मोज, सातावर येशील. बारातले सात, म्हणजे ७/१२. तुझे २/७ साडेतीन इंचसुद्धा भरत नाहीत. एकटा तिसरा हिस्साच चार इंच असताना त्यात भर घालून कमी कसं होईल?

आमच्या धंद्यात इंचाचे आठ सूत. पाव इंच दोन सूत, अर्धा चार, पाऊण सहा. ५/८ मोठा का ३/४ असं विचारलं तर लेकरं घोटाळतात, सुताराला मात्र पाच सूत आणि सहा सूत एवढंच दिसतं. तुमच्या मॅडम समच्छेद म्हणतात, म्हणजे दोन्हींचे खालचे आकडे सारखे करणं, तो हाच.

वजाबाकीत तुझ्या बापानंही माती खाल्लीय. नवीनच काम शिकत होतो. न्हाणीच्या चौकटीचं आतलं माप सव्वासव्वीस इंच. दार मोकळं फिरावं म्हणून तीन सूत कमी करायचे होते. दोन सुतातून तीन जाईनात, म्हणून सव्वीसातला एक इंच मोडला. तिथंच चुकलो! शाळेतल्या सवयीनं हातचा दहाचा घेतला. दहा अन् दोन बारा, बारातून तीन गेले, नऊ सूत. पंचवीस इंच नऊ सूत म्हणजे सव्वीस इंच एक सूत. इंच मोडला की आठच सूत येतात. आठ अन् दोन दहा, त्यातून तीन गेले, सात. दार हवं होतं पंचवीस इंच सात सूत. दोन सूत जास्तीचं दार चौकटीत अडकून बसलं. उभ्या उन्हात रंधा मारत बसलो, मिस्त्री बिडी ओढत बघत होता. जास्तीचं होतं म्हणून निभावलं. कमी कापलं असतं तर फळीच गेली असती.

आता तू कर: अडीच इंचातून ७/८ वजा. एक इंच पाच सूत आले तर बरोबर.

१/२ + १/५ सारखं आलं तर इंचाच्या बाजूला शोधू नकोस, आठ सुतांच्या इंचात पाचवा हिस्सा रेघेवर पडत नाही. सेंटीमीटरची बाजू धर. पाच मिलीमीटर अन् दोन मिलीमीटर, दहातले सात. आणखी एक, काही पट्ट्यांवर इंचाचे आठाऐवजी दहा किंवा सोळा भाग असतात, आधी घरं मोजून घे.

मामासोबत माझी जुनी लाकडी पट्टी धाडतोय. तिचं शून्याकडचं टोक झिजलंय, म्हणून मोजताना एकच्या रेघेपासून धर आणि आलेल्यातून एक कमी कर. डब्यात शेंगदाण्याचे लाडू आहेत.

तुझे दादा